भिंतीवरचा चौक आणि पाहुण्याचा अस्सलपणा

जुनी वास्तू, जुना सण किंवा जुनी कला पाहण्यासाठी केलेल्या प्रवासाला सांस्कृतिक पर्यटन म्हणण्याचा प्रघात आता मराठीतही रुळला आहे, आणि या व्यवसायात विक्री वारशाची होत असली तरी ग्राहक पैसे मोजतो ते त्या वारशाच्या खरेपणाच्या हमीसाठी. चुलीवरची भाकरी, शेणाने सारवलेले अंगण, पाड्यावरची एक संध्याकाळ आणि जमल्यास दोन तासांचा वारली चित्रकलेचा वर्ग असा ऐवज मुंबई-नाशिकच्या पाहुण्याला शनिवार-रविवारच्या सहलीत मिळतो, तेव्हा ‘हे खरे आहे ना?’ हा प्रश्न त्याच्या मनात असतोच. प्रश्न रास्त आहे, पण तो बहुधा भलत्याच गोष्टीबद्दल विचारला जातो. भिंत मातीची आहे का, रंग तांदळाच्या पिठाचा आहे का, नाचणारे लोक त्याच पाड्यातले आहेत का, याची खातरजमा करून घेतली जाते. ती भिंत, तो रंग आणि ते लोक ज्या इतिहासातून आले, तो मात्र पाहुण्यापुढे येत नाही, आणि अस्सलपणाला खरी गळती लागते ती तेथे.

या विषयाची आधुनिक चर्चा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांच्या १९७३ सालच्या निबंधापासून सुरू होते, असे मानले जाते. त्यांच्या आधी आयर्विंग गॉफमन यांनी माणसाच्या सामाजिक वागण्याची दोन क्षेत्रे कल्पिली होती: एक, परक्यांसमोर वावरण्याचे दर्शनी क्षेत्र, आणि दुसरे, घरच्यांपुरते राखलेले आतले क्षेत्र, मराठी घराच्या भाषेत सांगायचे तर ओसरी आणि माजघर. मॅककॅनेल यांचे म्हणणे असे की, शहरी जीवनात आपले सारेच कृत्रिम झाले आहे असे वाटणारा प्रवासी इतरांच्या माजघरात डोकावू पाहतो, आणि त्याची ही ओढ ओळखून यजमान त्याच्यासाठी एक दिखाऊ माजघर उभे करतात. त्याला त्यांनी मांडलेला, म्हणजे रंगमंचावर उभा केलेला, अस्सलपणा म्हटले. या मांडणीत प्रवाशाबद्दल सहानुभूती आहे आणि यजमानाबद्दल थोडा संशय; पण यजमानाला आपले माजघर बंद ठेवायचे असेल तर काय, हा प्रश्न तिच्यात दुय्यमच राहतो.

वास्तू आणि वस्तूंच्या बाबतीत अस्सलपणाचा निवाडा करणे तुलनेने सोपे वाटते, कारण तेथे मूळ द्रव्याकडे बोट दाखवता येते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने संवर्धनाचा भर अशा मूळ द्रव्यावर ठेवला होता. दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवस्थानाचा देश असलेल्या जपानमध्ये, नारा येथे, १९९४ साली तज्ज्ञांनी जो दस्तऐवज तयार केला, त्यात अस्सलपणा त्या-त्या संस्कृतीच्या कसोट्यांवर जोखावा, हे मान्य झाले. मूळ द्रव्याची कसोटीही वाटते तितकी निखळ नसते. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठी लाखेचा थर दिला, तो काळानुसार पिवळसर पडला आणि पुढे पुरातत्त्व खात्याला तो काढण्याचे नाजूक काम करावे लागले. म्हणजे प्रत्यक्ष लेण्यात उभे राहून पाहणाऱ्यालाही दीर्घकाळ वाकाटक काळाच्या रंगांसोबत विसाव्या शतकातला लाखेचा थर दिसत होता. त्याने चित्र खोटे ठरले नाही. ही हकीकत पाहुण्याला कोणी सांगितली की नाही, एवढाच प्रश्न उरला.

जिवंत माणसांच्या कलेकडे वळताच मात्र गुंता वाढतो, आणि त्या गुंत्याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण वारली चित्रकलेचे आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तालुक्यांत वारल्यांच्या लग्नात घराच्या आतल्या, अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर चौक काढला जातो. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून त्यावर गेरूचा हात फिरवतात, तांदूळ वाटून त्याचे पांढरे पाणी करतात, काडीचे टोक चावून मऊ करतात आणि त्या काडीने सवाशिणी रेषा ओढू लागतात. चौकटीच्या आत पालघट देवी येते, तिच्याभोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी यांसारख्या आकृती येतात आणि चौकटीच्या कडा नक्षीने भरल्या जातात. लग्नविधी चालवणारी धवलेरी गाणी म्हणत असते. ही गाणी आणि हे चित्र मिळून एकच विधी होतो, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र कोणी पाहावे म्हणून काढलेले नसते. त्याचे काम देवीला घरात आणण्याचे असते, आणि लग्न आटोपल्यावर धुरात, पावसात किंवा पुढच्या सारवणात ते पुसले गेले तरी त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या भागात आले. ते विणकर सेवा केंद्राशी संबंधित चित्रकार होते आणि त्यापूर्वी बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवण्याचा प्रयोग त्यांनी केला होता. तोच अनुभव घेऊन त्यांनी येथेही कागद वाटला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता, विधीची गरज नसताना, रोज चित्र काढायला घेतले, आणि चौकाच्या बाहेरचे जग, म्हणजे शेत, मासेमारीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारपा या वाद्याभोवतीचा नाच, कागदावर आणि कापडावर भरू लागले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. बायकांच्या हातातली, घराच्या आतली, पुसली जाण्यासाठीच असलेली एक विधिकला अशा रीतीने पुरुषांच्या हातातली, बाजारातली आणि टिकवून ठेवण्याची कला झाली. पुढे बायकाही या बाजारात आल्या, पण चित्राखाली सही आधी पुरुषांची पडली, ही गोष्ट कौतुकाच्या भरात सहसा सांगितली जात नाही.

आता यातले अस्सल कोणते? शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल की भिंतीवरचा चौक तेवढा अस्सल, बाकी सारा बाजार. हा निवाडा मान्य करणे म्हणजे म्हसे यांच्यासारख्या कलावंताला कलावंत म्हणून जगण्याचा हक्क नाकारून त्याला केवळ परंपरेचा वाहक ठरवणे होय. इस्रायली समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९८८ साली असे दाखवून दिले की अस्सलपणा ही जन्मासोबत कायमची मिळालेली खूण नसून बाजारासाठी आरंभलेली गोष्टही काळाच्या ओघात त्या समाजाची स्वतःची, अस्सल गोष्ट होऊ शकते. कागदावरचे वारली चित्र आज नेमके त्या अवस्थेत आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या वस्तूचे नाव इतरांनी वापरू नये यासाठीचे कायदेशीर संरक्षण. आणि तरीही कारखान्यात छापलेल्या चादरींवर, चहाच्या कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर चित्रांतल्या त्रिकोणी माणसांचा फेर सर्वत्र चालूच असतो.

पाहुण्याच्या शुद्धतेच्या हट्टाने मात्र एक विचित्र उलटापालट केली आहे. पाड्यावरचा वारली सरकारी घरकुलात किंवा स्वतःच्या कष्टाच्या विटा-सिमेंटच्या घरात राहायला जातो आणि लग्न आले की त्या सिमेंटच्या भिंतीवरच चौक काढतो. त्याच वेळी रस्त्यालगतच्या विश्रामस्थळाचा मालक कुडाची भिंत मुद्दाम उभी करून तिच्यावर वर्षभर चौक रंगवून ठेवतो. पाहुण्याला दुसरी भिंत अस्सल वाटते. खरे तर सिमेंटवरच्या चौकात देवी येते आणि कुडावरच्या चौकात केवळ छायाचित्रे निघतात. तारप्याचेही असेच. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांनी बनलेले हे वाद्य नवे भात हाती येण्याच्या हंगामात वाजते, नाचणारे एकमेकांना धरून तारपेवाल्याभोवती रात्र-रात्र फेर धरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. पाहुण्यांसाठी हाच नाच जेवणापूर्वी अर्ध्या तासात उरकतो, आणि भर उन्हाळ्यातही होतो. वाजवणाऱ्याला त्याचे पैसे मिळत असतील तर यात आक्षेपार्ह काही नाही; आक्षेप आहे तो शेजारच्या फलकावरच्या ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ या वाक्याला.

कारण ज्या समाजाची ही परंपरा, त्याच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान त्या फलकावर नसते. वारल्यांच्या लग्नाचा चौक सर्वांना माहीत झाला. पण ते लग्न कशाच्या जोरावर होत असे, हे पर्यटकाला कोणी सांगत नाही. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून घेतलेले थोडे कर्ज फेडण्यासाठी वारली पुरुष आपल्या बायकोसह त्याच्याकडे राबत असे, कर्ज कधी फिटत नसे, आणि अशा माणसाला लग्नगडी म्हणत. म्हणजे देवीला घरात आणणारा तोच लग्नविधी माणसाला वेठीला बांधणाराही होता. १९४५ साली टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काही आदिवासी मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भास्कर कुलकर्णींचा कागद गंजाडला पोहोचला तो साधारण याच सुमारास. चित्राला दिल्ली-पॅरिसची वाट सापडली. लग्नगड्याची हकीकत मात्र मागे पडली, आणि निसर्गाशी तादात्म्य पावलेला, काळाच्या बाहेर राहणारा, नाचणारा वारली ही प्रतिमा बाजारात रूढ झाली. पुढे १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हाही भिंतीवरची माणसे नाचतच होती. इतिहास वगळून टिकवलेली ही निरागसता रासायनिक रंगापेक्षा कितीतरी अधिक नकली आहे.

विधीचे प्रदर्शन केले म्हणजे तो बाटतोच असेही नाही, आणि याचे प्रमाण शेजारच्या गोव्यात मिळते. शिगमोत्सवात गावचे लोक आधी मांडावर जमतात. मांड म्हणजे गावाने परंपरेने ठरवलेली, पवित्र मानलेली जागा. तेथे नमन होते आणि मग ढोल-ताशांच्या गजरात रोमटामेळ ही मिरवणूक निघते. काही गावांत घोडेमोडणीचा नाच होतो. याच काळात पणजी, मडगाव, म्हापसा यांसारख्या शहरांत पर्यटन खात्याच्या आश्रयाने चित्ररथांची मिरवणूक निघते, तिला परीक्षक आणि बक्षिसे असतात, दिवे आणि ध्वनिक्षेपक असतात. कार्निव्हलची आजची चित्ररथ-मिरवणूकही अशीच १९६५ नंतरची, मुक्तीनंतरच्या गोव्यातली आहे. या मिरवणुकांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्याबद्दल कोणाची फसगत होत नाही, कारण रस्ता मांड असल्याचा दावा करत नाही. मांडावर काय करायचे हे गाव ठरवते, रस्त्यावर काय करायचे हे खाते ठरवते, आणि दोन्हींत नाचणारा माणूस तोच असला तरी आपण कोठे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते.

ही सीमारेषा पुसली गेली की काय होते, याचे वर्णन डेव्हिड ग्रीनवुड या मानववंशशास्त्रज्ञाने स्पेनच्या बास्क प्रांतातल्या फुएन्तेराबिया गावाबद्दल केले आहे. १६३८ च्या वेढ्यातून गाव बचावले त्याच्या स्मरणार्थ तेथे आलार्दे नावाचा सोहळा होतो. १९६९ साली नगरपालिकेने ठरवले की पर्यटकांना नीट पाहता यावे म्हणून तो एकाच दिवशी दोनदा व्हावा. गावकऱ्यांचा उत्साह ओसरला आणि सहभागी होण्यासाठी माणसे मिळणे कठीण झाले. ग्रीनवुड यांनी १९७७ साली त्यातून फार निराश निष्कर्ष काढला, पण पुढे स्वतःच तो सौम्य केला, कारण आलार्दे मेला नाही, बास्क राजकारणात त्याला नवा अर्थ आला. निष्कर्ष सौम्य झाला तरी मूळ चूक मात्र जागच्या जागीच आहे: निर्णय गावाचा नव्हता, नगरपालिकेचा होता.

म्हणून पालघर असो वा अन्य कोठे, पाहुण्याने रंग आणि माती तपासत बसण्यापेक्षा निर्णय कोणाचा आणि हिशेब कोणाचा, हे तपासणे अधिक उपयोगाचे आहे. चित्रकलेचा वर्ग हा वर्गच म्हणून चालावा, कागदावरची कला अर्ध्या शतकाची आहे हे तेथे खुलेपणाने सांगितले जावे, शिकवणाऱ्या स्त्रीचे नाव फलकावर असावे, आणि घरच्या लग्नातला चौक निमंत्रणाशिवाय कोणाला दाखवला जाऊ नये. एवढे झाले तर पोस्टर कलरनेही कोणाचे काही बिघडणार नाही. जिल्ह्याच्या पर्यटन पत्रकात तारप्याच्या चित्राशेजारी तलवाड्याचे नाव छापायला जास्तीचा खर्च येत नाही. डहाणूची सहल ठरवणाऱ्या मराठी वाचकाला तर अनुवादाचीही अडचण नाही: गोदावरीबाईंचे पुस्तक त्याच्याच भाषेत आहे, ते निघण्यापूर्वी वाचावे, आणि वर्ग संपल्यावर पाहुण्यांनी भरलेल्या पैशांतले शिकवणाऱ्याच्या हाती किती पडले, हे विचारायला संकोच करू नये.