गहाण जमिनीवरचे झाड आणि मातीची साक्ष

गहाण ठेवलेल्या घराच्या भिंतीला तडा गेला आणि जवळच कडुलिंब किंवा पिंपळ उभा असला, तर पाया झाडाच्या मुळांनी हलवला असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. परंतु ज्याला स्वतःच्या बाजूने बोलता येत नाही त्याच्यावर पुराव्यावाचून दोष ठेवणे धर्म्य आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कर्ज देणारी संस्था मालकीहक्काचा शोध आणि मालमत्तेचे मूल्यांकन यांचे अहवाल मागते, पण झाड आणि माती यांच्या स्वतंत्र अहवालाची रीत आपल्याकडे रुळलेली नाही.

भोकर, नांदेड आणि लातूर या भागांत हा प्रश्न विशेष अवघड होतो, कारण येथील काळी माती स्वभावतःच अस्थिर आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणखनिजे असतात. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे जेथे एकही झाड नाही अशा उघड्या शेतातही भेगा पडतात. न्यायदर्शनाच्या परिभाषेत, ‘तडा आहे, म्हणून मुळांनी पाया हलवला’ हे अनुमान सव्यभिचार ठरते, म्हणजे त्यातील हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो आणि म्हणून काहीच सिद्ध करीत नाही. खरे कारण ठरवायचे तर अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, ही दोन्ही अंगे तपासावी लागतात. आणि मातीपरीक्षण करते ते नेमके हेच. झाडाजवळून आणि झाडापासून दूर, पायाच्या खोलीवरून व त्याखालून नमुने घेऊन त्यांतील ओलावा ताडून पाहिला जातो. मुक्त फुगवट्याच्या चाचणीत बारीक चाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून चोवीस तासांनंतर दोन्हींच्या आकारमानांतील फरकावरून मातीचा स्वभाव कळतो. झाडाजवळची माती दूरच्या मातीपेक्षा खोलवर स्पष्टपणे कोरडी निघाली, तरच मुळांवरचा आरोप विचारात घेण्याजोगा होतो.

गहाणामुळे ही जबाबदारी अधिक कडक होते, कारण अशा मालमत्तेवर कोणाचीच निरंकुश सत्ता नसते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीत रुजलेले झाड जमिनीशी संलग्न मानले जाते. तारण अपुरे पडेल अशी कायमची हानी गहाण ठेवणाऱ्याने करू नये असे कलम 66 सांगते, आणि ताबा घेतलेल्या गहाणदारालाही कलम 76 विध्वंसक कृत्यास मनाई करते. मात्र या कलमांना चिंता आहे ती मालमत्तेच्या मूल्याची. याज्ञवल्क्यस्मृती याहून पुढे जाते. जपून ठेवायचे ‘गोप्य’ आणि उपभोगायचे ‘भोग्य’ असे आधीचे, म्हणजे गहाणाचे, भेद ती करते. गोप्य वस्तू वापरणारा सावकार व्याज गमावतो, आणि दैवी वा राजकीय आपत्तीवाचून वस्तू नष्ट झाली तर ती त्याला भरून द्यावी लागते. त्याच ग्रंथात वृक्ष तोडण्यास दंड सांगितला असून चैत्य, स्मशान, सीमा आणि पुण्यस्थान येथील वृक्षांसाठी तो दुप्पट आहे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात लिहिली, तेव्हा हा विचार या भूमीला परका नव्हे. वृक्षाची हानी हा मालकाच्या नुकसानीहून वेगळा अपराध आहे, ही त्यातील दृष्टी आजच्या कायद्यातील कलमांपेक्षा अधिक खोल आहे.

निर्दोष झाड तोडण्याने घर वाचतेच असेही नाही. मोठे झाड गेल्यावर मुळांनी शोषले जाणारे पाणी चिकणमातीत साचते, ती हळूहळू फुगते आणि पाया वर उचलला जाऊन नवे तडे पडू शकतात. अर्थात परीक्षणात झाडच कारण ठरले आणि घरात राहणाऱ्यांच्या जिवाला धोका असला, तर माणसाचा जीव आधी. तेव्हा झाड काढण्यात अधर्म नाही. म्हणून भोकरसारख्या गावातील कर्जदाराने, मूल्यांकनकाराने आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने कुऱ्हाडीला संमती देण्यापूर्वी झाडाजवळचा एक आणि दूरचा एक असे किमान दोन मातीचे नमुने तपासून घ्यावेत आणि त्यांचा अहवाल गहाणखताच्या कागदांसोबत ठेवावा.