दमनकाचा खटला

पंचतंत्रातले 'मित्रभेद' हे पहिले तंत्र सलग वाचले की मन अस्वस्थ होते. दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात विष कालवतो. सिंह आपल्याच मित्राचा जीव घेतो आणि मग हळहळत बसतो. दमनक त्याची समजूत घालतो, मंत्री होतो. त्याचा साथीदार कोल्हा करटक त्याला खूप बोल लावतो, पण जाब कुणीच विचारत नाही. ग्रंथकर्त्या विष्णुशर्म्याला सहा महिन्यांत तीन मठ्ठ राजपुत्र राज्यकारभाराला तयार करायचे होते. कान भरणारी माणसे कशी बोलतात, हे त्यांना आधी कळायला हवे होते.

सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशीरवान याचा वैद्य बुर्झोय याने हे पुस्तक इराणात पहलवी भाषेत नेले. सुमारे 750 मध्ये इब्न अल-मुकफ्फाने त्याचे अरबी केले, 'कलिला व दिम्ना'. करटक झाला कलिला आणि दमनक झाला दिम्ना. या अरबी पुस्तकात संस्कृतात कुठेच नसलेले एक अख्खे प्रकरण आहे: दिम्नावरचा खटला. अभ्यासक ते मुकफ्फाचेच मानतात. कलिला दिम्नाची कानउघाडणी करतो ती एक बिबट्या रात्री चोरून ऐकतो. बातमी सिंहाच्या आईपर्यंत जाते. दिम्नाला तुरुंगात टाकतात, भर दरबारात चौकशी होते आणि तो स्वतःचा बचाव इतका सफाईने करतो की ऐकणारे निरुत्तर होतात. शिक्षा होते ती दुसरा साक्षीदार पुढे आल्यावरच, कारण एका साक्षीवर निकाल देता येत नाही. इस्लामी न्यायव्यवहारातला हा दंडक थेट जंगलात आला आहे. मुकफ्फा स्वतः राजदरबारांचा चिटणीस होता आणि पुढे खलिफा मन्सूरच्या काळात मारला गेला. दमनकाला मोकळे सोडणे त्याला का जमले नसेल, याचा अंदाज करता येतो.

याला मूळ कथेची मोडतोड म्हणायला मी तयार नाही. एका समाजाने कथेला विचारलेला तो प्रश्न आहे, आणि फार मोलाचा. हेच अरबी पुस्तक पुढे 1251 च्या सुमारास स्पॅनिशमध्ये गेले. हिब्रू-लॅटिनच्या वाटेने जर्मन, इटालियन आणि 1570 मध्ये इंग्रजीत पोचले. सातूच्या पिठाच्या मडक्याकडे बघत मनोराज्य करणाऱ्या ब्राह्मणाच्या जागी फ्रेंच कवी ला फोंतेनकडे दूध विकायला निघालेली पेरेत आली. अकबराच्या दरबारात अबुल फज्लने 1588 मध्ये पुन्हा फारसी रूप रचले. एवढ्या प्रवासात कथानक फारसे झिजले नाही.

आपण मराठीत काय केले, याची मला जास्त काळजी वाटते. सशाने सिंहाला विहिरीतले प्रतिबिंब दाखवून बुडवल्याची गोष्ट प्रत्येक मुलाला येते. खाली तात्पर्य असते, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. मूळ ग्रंथात ही गोष्ट सांगतो दमनक. करटक शंका काढतो की एवढी घट्ट मैत्री तू कशी तोडशील, तेव्हा त्याचे समाधान करायला. कट शिजतो आहे, आणि ससा हा त्या कटाचा दाखला आहे. गोष्ट चौकटीतून उचलून घेतली की सांगणारा नाहीसा होतो आणि उरते ते निरुपद्रवी शहाणपण. अरबी लेखकाने दमनकाला निदान आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आपल्या बालवाङ्मयाने त्याला पुस्तकातूनच वगळले. ससा आणि सिंह शिकवताना दहा-बारा वर्षांच्या मुलांना एवढे तरी सांगावे की ही गोष्ट कोण सांगत होते आणि ती ऐकून पुढे कुणाचा जीव गेला.