आधी विश्वास कोणी ठेवायचा?

पोलीस आणि नागरिक यांच्यात विश्वास हवा, याबद्दल दुमत नाही. घोडे अडते ते सुरुवात कोणी करायची यावर. पोलीस म्हणतात, लोकांनी माहिती द्यावी, साक्षीला उभे राहावे. लोक म्हणतात, आधी ठाण्यात तक्रार तरी नोंदवून घ्या. बृहदारण्यक उपनिषदात धर्माला सत्तेवरची सत्ता मानले आहे. त्याच्या बळावर दुबळाही बलवानाला आवरू पाहतो. हा विचार मान्य केला, तर ज्याच्या हाती दंड आहे त्यानेच आधी स्वतःला नियमाने बांधून घ्यायला हवे. शिवाय विश्वास ठेवून फसगत झाली, तर पोलिसांचा बहुधा तपास रखडतो. सामान्य माणसाची मात्र अब्रू जाते, कधी कोठडीत जीवही जातो.

पोलिसांनी आधी पाऊल उचलणे भिवंडीत घडून गेले आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. याचे श्रेय यंत्रमागांवरच्या परस्परावलंबनाला आणि जुन्या दंगलींच्या धसक्याला कुणी देईल. पण यंत्रमाग १९८४ मध्येही होते, आणि १९७० चा धसकाही. नवा होता तो पोलिसांनी आपणहून घेतलेला पुढाकार.

यावर आक्षेप असा की, रजेविना राबणाऱ्या शिपायाकडूनच पहिल्या पावलाची अपेक्षा का? आणि धाक संपला तर गुंड शिरजोर होणार नाहीत का? शिपायाचे हाल खरे आहेत, पण ते दूर करणे सरकारचे काम. त्याची भरपाई तक्रारदाराने का करावी? धाकाचे म्हणाल, तर सराईत गुंड ठाण्याला सरावलेला असतो. बिचकतो तो साक्षीदार. पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला १८७२ च्या पुरावा कायद्याने आरोपीविरुद्ध पुरावा मानले नाही, २०२३ च्या नव्या कायद्यानेही नाही. जिथे कायदाच डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, तिथे नागरिकाने तो ठेवावा हे म्हणणे टिकत नाही. मात्र पोलिसांनी तक्रार निमूट नोंदवली, चौकशीला स्वतःला खुले केले, की नागरिकाचीही पळवाट बंद होते. मग डोळ्यांदेखत गुन्हा पाहून गप्प बसणे ही सावधगिरी उरत नाही. तो अधर्मच ठरतो.