महाराज किती उंच होते?

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत दोन वाद हटकून होतात. आधी कानडी नाटक की मराठी, हा पहिला. आणि कोणते पात्र कोणाला, हा दुसरा. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी साधा सहशिक्षक होतो, तेव्हा शिवाजी महाराजांवरील एका प्रवेशासाठी मुले निवडण्याचे काम माझ्याकडे आले. नववीत एक मुलगा होता. बुटका, काटकुळा, रंगाने काळा. जवळच्या खेड्यातून सायकलीवर येई. घरची बोली निम्मी कानडी, निम्मी मराठी. पण संवाद असा म्हणे, की वर्गातली कुजबुज आपोआप थांबावी. मी त्याला चोपदार केले. महाराज केले ते एका उंच, गोऱ्या, सरळ नाकाच्या मुलाला. त्याला स्वगत शेवटपर्यंत पाठ झाले नाही. पडद्यामागून ते मला पुरवावे लागले.

निवडीच्या दिवशी त्या बुटक्या मुलाने एकच प्रश्न विचारला होता, "सर, महाराज किती उंच होते ओ?" वर्ग हसला. मी म्हणालो, "बस खाली."

इतिहासात एम. ए. झालेल्या माणसाला उत्तर येत नव्हते, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला बसवले गेले. उत्तर पुढे वाचनात सापडले. सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलिअट याने १६६४ च्या लुटीनंतर मायदेशी पाठवलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे. उंची बेताची, लिहिणाऱ्यापेक्षाही थोडी कमी. बांधा प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, बोलताना चेहऱ्यावर स्मित. रंग मात्र उजळ लिहिला आहे. म्हणजे माझी निवड पावशेर बरोबर होती म्हणायची!

वाचकहो, मुलीच्या रूपाचा बाजार मांडू नये, असे आपण निदान बोलून तरी दाखवू लागलो आहोत. ते योग्यच आहे. तिला जे सोसावे लागते, त्याच्याशी पुरुषाच्या दुःखाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण 'पुरुषाला रूप कशाला?' असे म्हणणारे आपण खरोखर तसे वागतो का? आमच्या बीदर-कलबुर्गी भागातले पोर तीन भाषांत वाढते. मराठीत त्याला 'काळ्या' आणि 'लुकड्या' म्हणतात, कानडीत 'करिया' आणि 'गिड्डा', दखनीत 'कालू' आणि 'सुकडा'. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. त्या सीमेवरून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. या टोपणनावांना मात्र कोणतीच सीमा आडवी आली नाही.

माझ्या चुकीला मानसशास्त्रात नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. ज्याला शरीरयष्टीचे गुण जास्त, त्यालाच बुद्धीचे, नेतृत्वाचे आणि चारित्र्याचेही गुण जास्त पडलेले दिसले. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असावी, तसे एका गुणाचे तेज बाकी सगळ्यांवर पडते. पुढे १९४० च्या सुमारास शेल्डन या विद्वानाने पुरुषांच्या शरीराचे तीन साचे मांडले, गोलमटोल, पिळदार आणि काटकुळा. आणि प्रत्येक साच्याला एकेक स्वभावही चिकटवून दिला. ते शास्त्र टिकले नाही. आमच्या संमेलनात मात्र ते ठणठणीत जिवंत आहे. लठ्ठ मुलगा विनोदी नोकर, पिळदार तो सेनापती, काटकुळा तो कंजूष सावकार! आणि हे नाटकापुरते राहत नाही. हॅमरमेश आणि बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली अमेरिका व कॅनडातील माहितीवरून दाखवले, की दिसायला डावे मानले गेलेले लोक साधारण दिसणाऱ्यांपेक्षा पाच ते दहा टक्के कमी कमावतात. आणि हा फरक पुरुषांत स्त्रियांपेक्षा कमी नाही.

आपल्या दख्खनच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण मलिक अंबरचे आहे. हबसाणातून गुलाम म्हणून विकत आलेला हा माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या मोहिमेत त्याच्या फौजा आमच्या बीदरपर्यंत येऊन गेल्या, आणि त्याच वर्षी भातवडीच्या लढाईत त्याने मोगल-आदिलशाही सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. जहांगीर बादशहाला अंबर कधीच हाती लागला नाही. मग बादशहाने काय केले? आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या दिल्या. दरबारी चित्रकार अबुल हसन याच्याकडून चित्र काढवून घेतले. त्यात अंबरचे तोडलेले मस्तक भाल्यावर लावले आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहात आहे. ते काढले तेव्हा अंबर जिवंत होता आणि पुढे १६२६ पर्यंत जगला. ज्याच्या कर्तृत्वाला उत्तर देता येत नाही, त्याच्या कातडीला उत्तर दिले जाते.

कातडीवरून अष्टावक्राची गोष्ट आठवते. आठ ठिकाणी वाकडा असलेला तो ज्ञानी जनकाच्या सभेत आला, तेव्हा पंडित हसले. तो म्हणाला, मी विद्वानांच्या सभेत आलो असे समजत होतो, येथे तर सगळे चांभार बसले आहेत. यांना कातडेच तेवढे दिसते. वर्षानुवर्षे ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगितली. मग एकदा बसवकल्याणच्या वाटेवर मनात आले, आपण कोणत्या भूमीत उभे राहून हे सांगतो? याच कल्याणात बाराव्या शतकात हरळय्या हा चर्मकार शरण होऊन गेला. त्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला आणि त्यापायी दोघा बापांना प्राण गमवावे लागले, अशी परंपरा सांगते. शरीरावरून जोखू नका म्हणणारा अष्टावक्रसुद्धा धंद्यावरून जोखून मोकळा झाला! तेव्हापासून ती गोष्ट मी हरळय्याला सोबत घेऊनच सांगतो.

मग आकर्षणाचे काय? आमच्या शिक्षक-खोलीत एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, मनाला कोण हुकूम करणार?" प्रश्न रास्त आहे. कोणी कोणाला आवडावे, हा अपराध नाही आणि कर्तव्यही नाही. पण नोकरी, नाटकातली भूमिका, पंगतीतला मान या गोष्टी आवडीच्या नाहीत, न्यायाच्या आहेत. शिवाय आवड तरी सगळी निसर्गाची असते का? एखाद्या मुलाला आपण पंधरा वर्षे हसतो, रंगमंचाच्या कोपऱ्यात उभा करतो, आणि मग म्हणतो, मुलींना तो आवडत नाही त्याला कोण काय करणार! २००५ साली खास पुरुषांसाठी गोरे करणारी क्रीम बाजारात आली. शाळेने पेरलेली लाज बाजाराने कापून नेली.

आमच्या सौभाग्यवती मोकळेपणाने सांगतात, की पाहण्याच्या कार्यक्रमात मी त्यांना मुळीच आवडलो नव्हतो. वाळकं लाकूड आणि वर चष्मा! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला. गल्लीतल्या हातपंपावर, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत मी त्यांची लुगडी धुतली. त्या म्हणतात, त्या आठवड्यात तुम्ही मला प्रथम दिसलात. माझे रूप काही त्या आठवड्यात बदलले नव्हते. पहिल्या दिवशी मी न आवडणे हा त्यांचा हक्क होता. दुसऱ्यांदा पाहणे हा त्यांचा मोठेपणा.

मी मात्र त्या मुलाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. गेल्या वर्षी भालकीच्या बसस्थानकावर एका चाळिशीच्या माणसाने वाकून नमस्कार केला. तोच! चोपदाराचे ते एकुलते एक वाक्य त्याने तिथेच म्हणून दाखवले, आवाज तोच खणखणीत. दोघेही हसलो. मग मी त्याला एस्कॅलिअटच्या पत्राची हकीकत सांगितली. महाराजांची उंची बेताचीच होती, हेही सांगितले.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हाच सांगायला पायजे होतं, सर."

त्याची बस लागली होती. तो गेला. यंदाच्या संमेलनाची पात्रनिवड दिवाळीच्या सुटीनंतर आहे.