कुंचला सोडलेला चित्रकार

महाराष्ट्रातली आधुनिक चित्रकला १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’बरोबर जन्मली, त्याआधी सातारा-सांगलीकडे होती ती फक्त संस्थानिकांची हौस, असं आता सर्रास बोललं जातं. त्या गटातल्या सूझा, रझा, हुसेन यांच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. पण चित्रकलेचा इतिहास कॅनव्हासपाशी सुरू होऊन कॅनव्हासपाशीच संपतो, हे मला मान्य नाही. माझा साक्षीदार आहे चित्रकार आणि संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि (१८९१-१९७५).

चित्रांची ओढ त्या घरात आधीपासूनच होती. काका लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कारखान्यासाठी जागा दिली आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुतणे शंकरराव लाहोरला चित्रकार पं. सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकले. हेच सातवळेकर पुढे औंधात वेदाभ्यासात रमले. त्यांचे चिरंजीव माधव युरोपात शिकून आले आणि राज्याचे कलासंचालक झाले. त्याच औंधात बाळासाहेबांनी १९३८ साली संग्रहालय उघडलं. तिथे आज रविवर्माही आहे आणि हेन्री मूरही. या साऱ्याला नुसती हौस म्हणणाऱ्याने एकदा औंधचा डोंगर चढून यावं.

आता मुख्य आक्षेप. शंकररावांनी कुंचला बाजूला ठेवला, जाहिराती केल्या, व्यंगचित्रं काढली, मासिकं चालवली. मग ते चित्रकार कसले? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला पुरतं उत्तर द्यायला हवं. १९२० साली कारखान्याचं खबरपत्र म्हणून निघालेल्या अंकातून ‘किर्लोस्कर’ मासिक घडलं. १९३० साली ‘स्त्री’ आली, १९३४ साली ‘मनोहर’. लोखंडी नांगर बनवणाऱ्या गावातून निघालेल्या या अंकांतून बुद्धिवाद आणि स्त्रीचे हक्क मराठी घरांत शिरले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्येच आले. आणि हे विचार चित्रांच्या सोबतीने आले. चित्रकार संपादकाला पानाची मांडणी मजकुराइतकीच महत्त्वाची वाटते. दहा पानांच्या लेखाने जे साधत नाही ते व्यंगचित्रातली एक रेघ साधते, हे त्याला शिकवावं लागत नाही.

तरीही आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. शंकररावांच्या रेषेने आकार मोडून नवा घडवला नाही. त्यांना अमूर्त चित्रकार गायतोंडेंच्या शेजारी बसवण्याचा हट्ट धरला, तर दोघांवरही अन्याय होईल. म्हणून माझा दावा मी दुसरीकडे नेतो. नवं चित्र काढणारा हवा, तसा ते पाहू शकणारा माणूसही हवा. रूढी तपासणारा, छापील चित्राकडे विचार म्हणून बघणारा मराठी प्रेक्षक आर्ट गॅलरीत तयार झाला नाही. त्याला ती सवय घरी येणाऱ्या अंकांनी लावली. आपल्या आधुनिकतेचा हा अर्धा भाग कलेतिहासकारांनी वगळला, कारण तो लिलावात विकला जात नाही.

कलाशाळांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’चे जुने अंक ग्रंथालयांतून बाहेर काढावेत आणि विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. किर्लोस्करवाडीचं प्रकरण नसलेला मराठी चित्रकलेचा इतिहास अपुरा आहे.