लेबलावरचा विश्वास

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापारी क्रेटचा वरचा थर बाजूला सारून तळचा माल पाहतो, एखादे फळ दाबतो आणि मगच भाव बोलतो. तोच गृहस्थ संध्याकाळी मुलासाठी खोकल्याची बाटली घेतो, तेव्हा छापील लेबलाखेरीज त्याच्या हाती काहीच नसते. औषधापुढे पंडित आणि अडाणी सारखेच आंधळे. म्हणून ग्राहकाने सावध असावे, हा बाजाराचा नियम येथे आम्हांस निव्वळ क्रूर वाटतो.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे कारखान्यातील द्रावक चवीला तितकेच गोड, दराने स्वस्त आणि मूत्रपिंडे निकामी करणारे. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादारापासून औषध प्रशासन व मंत्र्यांपर्यंत ठपका पसरला. मात्रा पाजणाऱ्या परिचारिकेला बाटलीत काय आहे हे कसे ठाऊक असावे? कायदा नव्हता असेही नाही. तो १९४० पासून होताच. आणि याच विषाने अमेरिकेत १९३७ साली शंभरावर बळी घेतले होते, हेही जगाला ठाऊक होते.

कडक तपासणीने औषध महागते व गरीब त्याला मुकतो, असे सांगितले जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु २००१ साली मुंबईच्याच सिप्लाने एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, ती काही विष कालवून नव्हे. स्वस्ताई आणि लबाडी यांची गाठ आपणच मारून ठेवली आहे.

२०२२ साली गांबियात सुमारे ७० बालके दगावली व भारतीय सिरपांकडे बोट गेले. तेव्हा १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांस सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची झाली. ती सक्ती निर्यातीपुरतीच होती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात वीसहून अधिक मुले अशाच सिरपने गेली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरास आणले होते. परक्या लेकरासाठी जी दक्षता आपणांस परवडली, ती घरच्या लेकरासाठी का परवडू नये?