गाळलेलं पाणी

शिरोळच्या घरी आजी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची, अडकलेले जीव गडूत धरायची आणि गडू दोरीनं अलगद त्याच विहिरीत सोडायची. दुसऱ्या विहिरीत कधीच नाही.

मी सिएटलला राहतो. वेस्ट सिएटलमधल्या लाँगफेलो ओढ्यावर एका शरदात, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, कोहो सॅमनची मादी पाहिली. तोंड वासून गोल गोल फिरत होती. थोड्या वेळानं उलटी झाली. मोजणीला आलेल्या बाईंनी पोट चिरलं, तर नारिंगी अंडी आत तशीच, गच्च भरलेली.

हे मासे का मरतात, ते २०२० च्या डिसेंबरात कळलं. ओझोननं टायर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं एक क्विनोन बनतं, तेच कोहोंना मारतं. टायरची झीज रस्त्यावर साठते आणि पाऊस ती ओढ्यात नेतो. काही ट्राउटही यातून सुटत नाहीत: रेनबो ट्राउटला लिटरमागे सुमारे एक मायक्रोग्रॅम पुरतो. कोहोचाच भाऊबंद चम सॅमन मात्र त्याच पाण्यात जगतो.

आमचे जैन मुनी चालताना पुढची चार हात जमीन पाहतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. माझ्या गाडीची हिंसा मागे सांडते आणि मी नसताना, पाऊस आला की घडते. मित्र म्हणतात, हेतू नव्हता, मग पाप कसलं? पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, बेसावधपणा आहे. २०२० आधी मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि तरी रोज सकाळी मी गाडी काढतो. हा प्रमादच, असं मला वाटतं. नोकरीचं कारण सांगून तो पुसला जात नाही.

त्यात एक गोष्ट मला धरून ठेवते. इथल्या संशोधकांनी हमरस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं. न गाळलेल्या पाण्यात कोहो दिवसभरातच मेले, गाळलेल्यात सगळे जगले. वाचताना मला आजीचं फडकं दिसलं.

मी गाडी लावतो तिथल्या उताराखाली खड्डा खणून वाळू-कंपोस्ट भरलं, वर नेचे लावले. पाऊस सुरू झाला की खिडकीशी उभा राहतो. पाणी काळपट येतं, नेच्यांपाशी थबकतं, मुरतं. फाटकाबाहेर, रस्त्याचं पाणी जाळीतून खाली पडतं आणि न गाळताच ओढ्याकडे जातं.